थांबवा, मागे घ्या, पुन्हा ऐका: परकीय भाषेच्या वर्गात व्हिडिओ आणि ब्लॉग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही दोन वर्षांपासून मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना फ्रेंच शिकवता. वर्गात २४ जण आहेत. भाषेच्या सहा पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीच्या भाषेत सांगायचं तर ए-१ ही पहिली पातळी संपवून ए-२ या दुसरीत नुकते पाऊल टाकलेले. दर पंधरा दिवसांनी तुम्ही त्यांना एक फ्रेंच चित्रपट दाखवलात. सगळे रमले, पण तोंडी परीक्षेत त्यातलं काहीच उतरलं नाही. मग वर्गाचा ब्लॉग सुरू केलात, तर तो तिसऱ्या आठवड्यात थंडावला. आता विचारताय की या दोन्हींचा खरंच उपयोग होतो का, होत असेल तर कसा करून घ्यायचा, चुका किती आणि कशा सुधारायच्या, आणि विद्यार्थी भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधून लिहून आणतात त्याचं काय करायचं.

उपयोग होतो, भरपूर होतो. मी १८ वर्षं फ्रेंच शिकवतेय आणि आज माझ्याकडून ही दोन साधनं काढून घेतली तर शिकवताना माझे हात बांधल्यासारखे होतील. पण त्यांचा उपयोग एका विशिष्ट गुणामुळे होतो, आणि तुमच्या दोन्ही प्रयोगांत नेमका तोच गुण वापरायचा राहिला.

बोललेलं वाक्य हवेत विरून जातं. नवशिक्याला ते पकडायला दोन सेकंद जास्त लागतात आणि तोवर पुढची तीन वाक्यं निघून गेलेली असतात. व्हिडिओत ते वाक्य परत बोलावता येतं, हवं तितक्या वेळा. ब्लॉगचंही तसंच. वहीतला निबंध तपासून परत गेला की संपला. ब्लॉगवरची नोंद सहा महिन्यांनी तारखेसकट पुन्हा समोर उभी राहते, दुसऱ्यालाही आणि लिहिणाऱ्यालाही. सलग दोन तास चित्रपट दाखवला तर परत बोलावण्याची सोय वापरलीच जात नाही. ब्लॉगवर फक्त शिक्षिकाच वाचणार असेल, तर ती वहीच झाली, फक्त पडद्यावरची.

चित्रपट तूर्त बाजूला ठेवा. दीड मिनिटाची क्लिप घ्या. या पातळीला ९० सेकंदांची क्लिप पाऊण तास सहज पुरते. निवडताना माझी एकच कसोटी असते: आवाज बंद ठेवून पाहिली तरी काय चाललंय याचा निम्मा अंदाज यायला हवा. दोन माणसं, एक अडचण, शक्यतो एखादी वस्तू. कोणी रस्ता विचारतंय, कोणी वस्तू बदलून मागतंय, कोणी उशिरा आल्याबद्दल सारवासारव करतंय. बातम्या या पातळीला नकोत. त्यात निवेदक लिहिलेलं वाचत असतो, वाक्यं लांब असतात आणि चित्राचा शब्दांना आधार नसतो.

एक तास कसा जातो ते सांगते. क्लिपमध्ये एक बाई हरवलेल्या सामानाच्या खिडकीशी येते, तिची छत्री हरवलीय, पलीकडचा माणूस वैतागलेला आहे. पहिल्यांदा आवाज बंद. जोड्या करून विद्यार्थी अंदाज बांधतात: ही कोण, काय मागतेय, तो काय म्हणत असेल. ऐकू येतील असे वाटणारे पाच फ्रेंच शब्द आधीच लिहून ठेवायचे. त्यामुळे दुसऱ्यांदा आवाजासह लावलं की कान शोधाशोध करू लागतात. मग मी विचारते, 'काय कळलं ते नको, काय ऐकू आलं ते सांगा.' हा फरक फार मोठा आहे. कळलेलं विचारलं की हुशार विद्यार्थी अंदाजाने वेळ मारून नेतात. ऐकू आलेलं विचारलं की खरं काय ते बाहेर येतं.

गेल्या वर्षी एकीने सांगितलं, 'तो शेपा म्हणाला.' मी फळ्यावर तसंच लिहिलं: शेपा. शब्दकोशात असा शब्द नाही. तेवढे दोन सेकंद आम्ही आठ-नऊ वेळा मागे घेऊन ऐकले, प्रत्येक वेळी शेपाच. मग मी म्हटलं, 'बाईने विचारलं, माझी छत्री कुठेय. या माणसाच्या खांद्यांकडे बघा. तो काय म्हणेल?' कोणीतरी म्हणालं, 'मला माहीत नाही.' ते फ्रेंचमध्ये कसं म्हणाल? 'ज न से पा.' आणि मग मागच्या बाकावरून 'अरेच्चा' आलं. तिसऱ्या धड्यात शिकलेलं 'ज न से पा' बोलताना असं आक्रसतं: 'न' गळतो, 'ज' आणि 'स' एकमेकांत मिसळून 'श' होतो, उरतं 'शे पा'. पुढच्या अर्ध्या मिनिटातलं 'या पा' त्यांनी मला न विचारता सोडवलं: 'इल न्या पा', म्हणजे 'नाही आहे'. चित्रपटात हे दोन्ही शब्दप्रयोग त्यांच्या कानांवरून शेकडो वेळा गेले असतील. थांबवल्याशिवाय ते हाती लागत नाहीत.

अशा क्लिपमधून आणखी एक गोष्ट हाताला लागते, ती म्हणजे भरीचे शब्द. फ्रेंच माणूस अडखळतो तेव्हा 'अं' म्हणत नाही, ओठ 'ओ'सारखे गोल ठेवून लांब 'ए'सारखा स्वर काढतो, मध्ये 'बें', 'आलोर' टाकतो. पाठ्यपुस्तकात यांना जागा नसते. विद्यार्थ्याला हे शब्द आले की विचार करायला वेळ मिळतो आणि समोरचा त्याचं वाक्य तोडत नाही. मी त्यांची वेगळी यादीच करून घेते.

सबटायटल्सबद्दल माझं मत ठाम आहे. वर्गात पहिल्या दोन खेपा बिनसबटायटल्सच्या, तिसऱ्या खेपेला फ्रेंच सबटायटल्स. कान तयार करायचा असेल तेव्हा मातृभाषेतली सबटायटल्स अजिबात नकोत. २००९ साली मिटरर आणि मॅक्वीन या संशोधकांनी डच विद्यार्थ्यांना अनोळखी ढंगाचं इंग्रजी, स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन, व्हिडिओतून ऐकवलं. इंग्रजी सबटायटल्स पाहिलेल्यांना तो ढंग नंतर नव्या वाक्यांतही जास्त चांगला उमगला. डच सबटायटल्स पाहिलेल्यांचं मात्र नव्या वाक्यांत नुकसान झालं. वर्गात हे रोज दिसतं. डोळ्यांनी अर्थ आयता पुरवला की कान काम सोडून देतात. घरी गोष्टीचा आनंद म्हणून कोणी मराठी किंवा इंग्रजी सबटायटल्स लावून चित्रपट पाहिला तर खुशाल पाहू दे, त्याला अभ्यास म्हणू नये इतकंच. आणि आपोआप तयार झालेली सबटायटल्स असतील तर वर्गाआधी स्वतः शेवटपर्यंत तपासा. ती गळालेल्या अक्षरांपाशीच चुकतात, म्हणजे जिथे विद्यार्थ्याला खरी गरज असते तिथेच.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते: पाहिलं खूप, तोंडात काहीच आलं नाही. मेरिल स्वेन या भाषासंशोधिकेने १९८५ साली कॅनडातल्या अशा मुलांबद्दल लिहिलं जी इंग्रजी घरांतली होती, पण शाळेत वर्षानुवर्षं सगळे विषय फ्रेंचमधून शिकत होती. त्यांचं ऐकून समजणं फ्रेंच भाषक मुलांच्या जवळपास पोचलं होतं, बोलण्यालिहिण्यातलं व्याकरण मात्र खूप मागे होतं. स्वेन यांचं म्हणणं असं की समजून घेताना माणूस शब्दांच्या आणि प्रसंगाच्या आधाराने तरून जातो, व्याकरणाशिवायही भागतं. स्वतः वाक्य उभं करताना ते भागत नाही. तिथे गाडं अडतं, आणि अडल्यावरच कळतं की आपल्याला नेमकं काय येत नाही. म्हणून व्हिडिओ पाहण्याइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, व्हिडिओ करणं महत्त्वाचं आहे.

विद्यार्थ्यांनी केलेला व्हिडिओ म्हटलं की शिक्षक नाटुकली, संगीत, संकलन असा घाट घालतात. तीन आठवडे जातात, त्यातले अडीच मराठीत बोलण्यात जातात आणि शेवटी पाच मिनिटांचं पाठ केलेलं फ्रेंच हाती येतं. वर्षातून एकदा उत्साहासाठी करायला हरकत नाही. मला रोजच्या कामाला हवा असतो तो एका मिनिटाचा, न सजवलेला, एका दमात केलेला व्हिडिओ. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी रूढ केलेला एक सराव आहे: तीच गोष्ट आधी ४ मिनिटांत एकाला सांगायची, मग ३ मिनिटांत दुसऱ्याला, मग २ मिनिटांत तिसऱ्याला. ए-२ ला मी तो ९०, ६० आणि ४५ सेकंदांवर आणते. पहिली आणि शेवटची खेप फोनवर रेकॉर्ड होते. गोष्ट तीच असल्यामुळे तिसऱ्या वेळी डोक्याला मजकूर शोधावा लागत नाही, सगळं लक्ष भाषेकडे जातं, अडखळणं कमी होतं. दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली की हे विद्यार्थ्याचं त्यालाच ऐकू येतं. मला कौतुकाचा शब्दही खर्चावा लागत नाही.

त्यानंतरचं काम कष्टाचं आहे आणि तेच सगळ्यात मोलाचं आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या बोलण्यातला अर्धा मिनिट शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, अडखळणं, चुका, सगळ्यासकट. मग लाल नाही, निळ्या पेनाने स्वतःच दुरुस्त करायचा. एका विद्यार्थिनीने प्रवासाची हकीकत सांगितली होती. उतरवून काढताना तिला दिसलं की तिने अर्ध्या मिनिटात चार वेळा 'जे आले' म्हटलंय. 'मी गेले' हे फ्रेंचमध्ये 'ज स्वी आले' होतं. जाणं, येणं, पोचणं, निघणं अशा क्रियापदांच्या भूतकाळाला 'एत्र' हे सहायक क्रियापद लागतं, बाकी बहुतेकांना 'आव्वार'. हा नियम तिला पाठ होता, परीक्षेत दहापैकी दहा होते. मराठीत 'मी गेले आहे' आणि 'मी वाचलं आहे' या दोन्हींना एकच 'आहे' चालतं, त्यामुळे बोलण्याच्या ओघात तिची जीभ सगळीकडे एकच सहायक लावत होती. मी तिला हे वर्षभर सांगत होते. तिने ते स्वतःच्या आवाजात, चार वेळा, स्वतःच्या हाताने लिहून काढलं त्या दिवसापासून तिचं ते सुटू लागलं.

रिचर्ड श्मिट हे भाषाशास्त्रज्ञ ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकत असताना रोज डायरी लिहीत आणि ठरावीक काळाने त्यांची संभाषणं रेकॉर्ड होत. सिल्विया फ्रोता यांच्यासोबत त्यांनी १९८६ साली ते प्रसिद्ध केलं. डायरी आणि रेकॉर्डिंग शेजारी ठेवल्यावर दिसलं की लोकांच्या बोलण्यात जे त्यांच्या लक्षात आल्याची नोंद डायरीत आहे, तेच श्मिट यांच्या स्वतःच्या बोलण्यात येऊ लागलं होतं. नुसतं वर्गात शिकवलेलं किंवा नुसतं कानावर पडलेलं पुरेसं ठरलं नव्हतं. आज आपण ज्याला व्हिडिओ आणि ब्लॉग म्हणतो त्या दोन्ही गोष्टी त्यांनी कॅसेट आणि वहीवर केल्या होत्या.

उच्चारासाठी तर फोनचा पुढचा कॅमेरा म्हणजे आरसाच. 'दस्यु' म्हणजे 'वर' आणि 'दसू' म्हणजे 'खाली', हे मी देवनागरीत जमेल तसं लिहिलंय. पहिल्यातला स्वर मराठीत नाहीच. जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठांचा चंबू करायचा. आपल्या कानाला दोन्ही 'ऊ' वाटतात आणि वस्तू टेबलावर आहे की टेबलाखाली हेच कळेनासं होतं. नुसत्या आवाजातून हा फरक शिकवायला मला महिने लागत. आता प्रत्येकजण फक्त ओठांचं जवळून दहा सेकंदांचं चित्रण करतो, आवाज बंद करून ते शेजाऱ्याला दाखवतो, आणि शेजाऱ्याने ओठ पाहून सांगायचं की वर की खाली. सांगता आलं नाही तर ओठ पुरेसे पुढे आलेले नाहीत.

तांत्रिक बाजूला फार वेळ घालवू नका. साधा फोन पुरतो. चित्र धूसर चालतं, आवाज धूसर चालत नाही, म्हणून इअरफोनचा माइक वापरा, पंखा बंद ठेवा, खिडकीकडे पाठ नको, तोंड करा. फाइलच्या नावात तारीख आधी, मग टोपणनाव. आणि प्रत्येक फाइलची प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवा. मी वापरत असलेली एक मोफत व्हिडिओ-सेवा सुट्टीच्या काळात बंद झाली, सूचनेचा ईमेल मी पाहिला तोवर दोन बॅचचं वर्षभराचं काम गेलेलं होतं. ते विद्यार्थी त्यांची पहिली रेकॉर्डिंग परत कधीच ऐकू शकले नाहीत, याची हळहळ अजून वाटते.

ब्लॉगकडे वळते. तुमचा ब्लॉग बंद पडला याचं कारण तुमच्या वर्णनातच आहे: २४ जण दर आठवड्याला 'माझा छंद', 'पर्यावरण' अशा विषयांवर लिहीत होते आणि वाचणाऱ्या एकट्या तुम्ही होतात. २४ नोंदी कोणीही वाचत नाही. आणि 'पर्यावरण' या विषयावर ए-२ च्या शब्दसाठ्यात काही सांगण्यासारखं नसतं, म्हणून पोरं भाषांतराकडे पळतात.

फ्रेंच शिकवणाऱ्यांनी सेलेस्तँ फ्रेने हे नाव जरूर लक्षात ठेवावं. १९२०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या शाळेत या शिक्षकाने छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या रोजच्या जगण्यातलं लिहीत, वर्ग मिळून त्यातलं निवडून दुरुस्त करी, मुलं स्वतः छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत, आणि छापलेली पानं पार दुसऱ्या टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेला पोस्टाने जात. तिकडून त्यांची पानं येत. शंभर वर्षांपूर्वीचा हा ब्लॉगच होता. खिळे जुळवायचे म्हणून दुरुस्ती छपाईच्या आधी व्हायची, आणि दूर कोणीतरी खरोखर वाचणार म्हणून ती मनापासून व्हायची. मी माझ्या ब्लॉगची घडी याच दोन गोष्टींवर बसवली.

वर्गाचा एकच ब्लॉग, सहा-सहाचे चार गट. दर आठवड्याला एकाच गटाने लिहायचं, बाकीच्या १८ जणांनी वाचायचं. प्रत्येक नोंदीला तीन वाचक नेमलेले, आणि प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचाच, खराखुरा, ज्याचं उत्तर नोंदीत नाही असा. 'छान लिहिलंस' ही कॉमेंट धरली जात नाही. लेखकाने तीन दिवसांत तिन्ही प्रश्नांना उत्तर द्यायचं. प्रत्येकाची पाळी चार आठवड्यांनी येते, म्हणून थकवा येत नाही, आणि वाचण्याचा सराव मात्र दर आठवड्याला होतो. प्रश्न विचारणं या पातळीला किती अवघड असतं ते तुम्ही जाणता. पाठ्यपुस्तकात विद्यार्थी नेहमी उत्तरंच देत असतो.

विषय असे द्यायचे की वाचणाऱ्याकडे नसलेली माहिती लिहिणाऱ्याकडे असेल. टेबलावरच्या एका वस्तूचं नाव न घेता सहा वाक्यांत वर्णन, फोटो दोन दिवसांनी लावायचा, तोवर वाचकांनी ओळखायची. काल दिवसभरात काय काय केलं याची आठ वाक्यं, त्यातलं एक धादांत खोटं, ते वाचकांनी शोधायचं. मागच्या वर्गातली छत्रीची क्लिप खिडकीमागच्या वैतागलेल्या माणसाच्या तोंडून. हा शेवटचा विषय फार रंगतो, कारण 'शे पा' म्हणणाऱ्या माणसाला त्या दिवशी काय झालं असेल हे प्रत्येकाला वेगळं सुचतं.

व्हिडिओ आणि ब्लॉग एकाच साखळीत ओवा. गट आधी बोलतो आणि रेकॉर्ड करतो, मग उतरवून काढतो, मग त्याचीच नोंद लिहितो. या साखळीत फ्रेंचचा एक खास फायदा आहे. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा फरक कानालाच कळतो. फ्रेंचमध्ये पुरुष बोलो की बाई, ऐकू येतं 'ज स्वी आले' हेच. बाईने लिहिताना मात्र शेवटी एक जादा अक्षर लागतं, जे उच्चारात येत नाही. म्हणजे व्हिडिओत ही चूक कधी दिसणारच नाही, ब्लॉगवर लगेच दिसते. उलट 'दस्यु' आणि 'दसू' लिहिताना नीट जमतं आणि बोलताना फसतं. दोन्ही साधनं हवीत ती यासाठी. एकाने लपवलेलं दुसरं उघडं करतं.

परदेशातला जोडीदार वर्ग मिळाला तर ब्लॉगचं रूपच पालटतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९९७ साली फ्रेंचच्या शिक्षकांनी 'कल्चुरा' नावाचा प्रकल्प सुरू केला. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांना सारखीच प्रश्नावली द्यायची: अमुक शब्द ऐकल्यावर काय आठवतं, अमुक प्रसंगी काय कराल. उत्तरं प्रत्येकाने आपापल्या भाषेत द्यायची, मग शेजारी शेजारी ठेवून चर्चा. आपापल्या भाषेत का, तर समोरच्याला अस्सल भाषा वाचायला मिळावी आणि कोणाचंही म्हणणं भाषा तोकडी पडल्यामुळे पातळ होऊ नये. मी यातून एवढं घेतलं की जोडीदार वर्गाला आमच्या फ्रेंच नोंदींवर फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायला सांगते, आणि त्यांच्या नोंदी आम्ही वाचनपाठ म्हणून वापरतो. जोडीदार मिळेपर्यंत थांबू नका. वरच्या बॅचचे विद्यार्थी हेही खरे वाचकच.

चुकांबद्दल. १९९६ साली जॉन ट्रस्कॉट या संशोधकाने लेखनातल्या व्याकरणाच्या चुका सुधारणं सोडूनच द्यावं असा जोरदार युक्तिवाद केला होता आणि त्यावर अजून वाद चालतो. मी चुका सुधारते, पण नोंद प्रसिद्ध होण्याआधी, कच्च्या मसुद्यावर, आणि एका वेळी दोनच प्रकारच्या. या महिन्यात सहायक क्रियापद आणि नामाचं लिंग, तर बाकीचं मी पाहूनही सोडते. चुकीच्या ओळीच्या समासात फक्त खूण करते, बरोबर रूप लिहीत नाही. वाचणाऱ्याला अर्थच लागणार नाही अशी चूक असेल तर तेवढी मात्र शेजारी बसून सोडवते. प्रसिद्ध झाल्यावर कॉमेंटमध्ये कोणाच्याही चुका काढायच्या नाहीत, हा नियम माझ्यासकट सगळ्यांना.

बोलण्यातल्या चुकांसाठी लिस्टर आणि रांता या संशोधकांचा १९९७चा अभ्यास मला फार उपयोगी पडला. कॅनडातल्या फ्रेंच वर्गांत त्यांना दिसलं की शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा चुकलेलं वाक्य स्वतःच बरोबर म्हणून पुढे जातात, आणि विद्यार्थी नेमकी हीच सुधारणा सगळ्यात कमी उचलतात. विद्यार्थ्याला वाटतं, बाई होकार देताहेत. व्हिडिओत मी वेळ लिहून देते: '०:२३, पुन्हा ऐक.' एवढंच. दहापैकी सात वेळा चूक त्याची तोच पकडतो असा माझा अनुभव आहे.

भाषांतराचं सॉफ्टवेअर आणि लिहून देणारी यंत्रं. यावर पोलिसगिरी करू नका, त्यात तुमचा जीव जाईल आणि विश्वासही. नोंद विद्यार्थ्याच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमधून निघत असेल तर यंत्राला शिरायला जागाच थोडी उरते, कारण मसुद्याशेजारी त्याचं बोलणं असतं आणि बोलण्यात नसलेला संकेतार्थ, म्हणजे 'गेलो असतो'सारखं रूप, अचानक लेखात आला तर मी सहज विचारते, 'हे तोंडी सांगशील?' पहिला मसुदा वर्गात, हाताने, वीस मिनिटांत. त्यानंतर यंत्र उघडपणे वापरू देते, एका अटीवर: आपला मसुदा आणि यंत्राचा मसुदा शेजारी ठेवायचे, यंत्राच्या मसुद्यातल्या तीनच गोष्टी उचलायच्या आणि त्या का उचलल्या ते दोन ओळींत मराठीत लिहायचं. चौथी गोष्ट चांगली दिसली तरी सोडायची. असं केलं की तीन गोष्टी तरी पक्क्या बसतात.

परवानगीच्या बाबतीत ढिलाई नको. ब्लॉग पासवर्डच्या आत, नावाऐवजी स्वतः निवडलेलं फ्रेंच टोपणनाव, पत्ता-फोन-कामाची जागा कुठेही नाही. व्हिडिओत चेहरा हवाच असं नाही. हात, वस्तू, खिडकीबाहेरचं दृश्य आणि आवाज पुरतो. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांतही कॅमेऱ्यासमोर गप्प होणारे असतात, त्यांना आधी नुसता आवाज द्या. लेखी संमती घ्या, आणि कधीही मागे घेता येईल हे त्यातच लिहा. अठरा वर्षांखालचे असतील तर पालकांची सही. दुसऱ्याची क्लिप उतरवून घेऊन आपल्या ब्लॉगवर चढवू नका, मूळ ठिकाणाची लिंक द्या. स्वतःच्या व्हिडिओत चित्र किंवा संगीत हवं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे अटी पाळून मोफत वापरू देणाऱ्या, परवान्यातलं शोधा आणि परवान्यातली अट पाळा.

तुमच्या वेळेचा हिशेब. आठवड्याला सहा नोंदी, प्रत्येकी ८० ते १०० शब्द, दहा मिनिटांप्रमाणे एक तास. सहा एक मिनिटाचे व्हिडिओ दोनदा ऐकून खुणा करायला अर्धा तास. याहून जास्त लागत असेल तर तुम्ही जास्त सुधारताय. गुण देताना सगळ्यांना एका मापाने मोजू नका. ज्याचं त्याचं पहिलं रेकॉर्डिंग आणि ताजं रेकॉर्डिंग शेजारी ठेवा आणि तीनच गोष्टी पाहा: न थांबता किती बोलला, महिन्याच्या दोन चुका किती उरल्या, आणि इतरांना किती खरे प्रश्न विचारले.

सुरुवात अशी करा. पहिल्या आठवड्यात ब्लॉग नाही, फक्त एक क्लिप आणि त्यातले दोन सेकंद. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचा एक मिनिटाचा व्हिडिओ, तोही तपासायचा नाही, जपून ठेवायचा. तिसऱ्या आठवड्यात ब्लॉग उघडा आणि पहिली नोंद तुम्ही स्वतः लिहा: आठ वाक्यं, एक खोटं. २४ जणांचे प्रश्न तुमच्यावर येऊ द्या आणि प्रत्येकाला फ्रेंचमध्ये उत्तर द्या. चौथ्या आठवड्यात पहिला गट लिहील. दुसऱ्या आठवड्यातली ती २४ रेकॉर्डिंग मात्र कोणी कितीही म्हटलं तरी पुसू देऊ नका. सोळाव्या आठवड्यात, प्रत्येकाच्या तीन नोंदी झाल्यावर, ती ज्याची त्याला इअरफोनवर ऐकवायची आहेत आणि त्याच विषयावर पुन्हा एक मिनिट बोलायला सांगायचं आहे.